दिवटी, बुधली आणि विजेरी

खंडोबाच्या कुलाचारात दिवटी आणि बुधली यांची जोडी असते. दिवटी म्हणजे हातात धरावयाची लहानशी मशाल. बुधली म्हणजे तिच्यासाठी तेल बाळगण्याचे पात्र. दिवटी मंदावू लागली की बुधलीतले तेल तिला द्यावयाचे. तेल संपते आणि पुन्हा भरले जाते. दिवटी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. प्रकाशाचे साधन वेगळे आणि त्याचे इंधन वेगळे, अशी ही व्यवस्था आहे. समई, पणती आणि आपल्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ही सारी याच व्यवस्थेची अपत्ये होत. हातातल्या उजेडाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास, ही व्यवस्था कशी मोडली आणि ती पुन्हा जुळविण्याची संधी आज कशी आली आहे, हेच त्यात मुख्यतः दिसते.

१८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे द्रावण यांपासून एक विद्युत्‌घट बनविला. त्यात द्रव असल्याने तो हातात घेऊन हिंडणे सोयीचे नव्हते. १८८६ मध्ये जर्मनीत कार्ल गासनर याने ही अडचण दूर करून कोरडा घट सिद्ध केला. पुढे १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल याला नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्या काळचे घट इतके दुबळे होते की दिवा क्षणभर चमकावा आणि मग विसावा घ्यावा. इंग्रजीतील ‘फ्लॅशलाइट’ हे नाव या क्षणिक चमकण्यावरूनच पडले.

आपल्याकडे ही वस्तू आली तेव्हा लोकांनी तिला सरळ ‘बॅटरी’ म्हटले. रात्री शेताला पाणी देण्यास निघालेला शेतकरी घरात बॅटरी मागतो, तेव्हा त्याला नुसते सेल नको असतात, अख्खी विजेरी हवी असते. दिवटी आणि बुधली यांना वेगवेगळी नावे देणाऱ्या भाषेने येथे दोहोंना एकच नाव दिले. व्यवहारात मात्र एक मोठा बदल झाला होता. कोरड्या सेलात जस्ताचे कवच हेच इंधन असते. ते झिजून गेले की सेल पुन्हा भरता येत नाही. काटकसरी घरांतून मंदावलेले सेल उन्हात ठेवीत आणि त्यातून आणखी थोडा उजेड पदरात पाडून घेत. पण शेवटी ते उकिरड्यावरच जात. रिकामी झाली की फेकून द्यावयाची, अशी ही पहिली बुधली होय.

वस्तुतः पुन्हा भरता येणारा घट हा या कोरड्या घटाहून वयाने वडील आहे. १८५९ सालीच गास्ताँ प्लाँते याने शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल यांपासून तो बनविला होता. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने निकेल आणि कॅडमियमचा घट त्यात भर घातला. परंतु जड आणि महाग असल्याने हे घट सामान्य घरात शिरले नाहीत. त्यांना आश्रय मिळाला तो खाणीत. १९१४ च्या सुमारास एडिसनने खाणकामगारांसाठी टोपीवरचा दिवा पुढे आणला. दिवा कपाळावर, घट कमरेच्या पट्ट्याला आणि दोहोंना जोडणारी एक तार, अशी त्याची रचना होती. आपल्या बल्लारपूर-चंद्रपूरच्या भूमिगत कोळसाखाणींतही हीच पद्धत रुजली. पाळी सुरू होताना कामगाराने दिवा घ्यावा, पाळी संपली की परत करावा आणि पुढच्या पाळीपर्यंत तो विजेने भरून निघावा. जेथे उजेडावर माणसाचा जीव अवलंबून होता, तेथे जुनी व्यवस्था टिकून राहिली.

घरगुती विजेरीत भरता येणारे सेल घालावेत, तर तंतूचा दिवा आड येई. कोरडा सेल दीड व्होल्टचा, तर निकेलचा सेल १.२ व्होल्टचा. दोन सेलांच्या विजेरीला तीनऐवजी २.४ व्होल्ट मिळत आणि दिवा पिवळा पडे. हा पेच दिव्यानेच सोडविला. १९६२ मध्ये निक होलोन्याक याने लाल प्रकाश देणारा डायोड बनविला. प्रखर निळा डायोड जपानच्या शूजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये सादर केला आणि १९९६ मध्ये पांढरे डायोड बाजारात आले. या कार्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इकडे १९९१ मध्ये लिथियम-आयन घट विक्रीस आला होता. अल्पाहारी दिवा आणि पुन्हा भरणारी हलकी बुधली, अशी जोडी जुळून आली.

परंतु येथेच एक विपरीत गोष्ट घडली. ती पाहावयाची तर भिलाईसारखे गाव घ्यावे. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होता. त्यामुळे या भागात मराठी घरे पूर्वीपासून आहेत. १९५५ च्या भारत-सोव्हिएत कराराने येथे पोलादाचा कारखाना आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलाद करणाऱ्या गावाला मोडीचे मोल सांगावे लागत नाही. तेथे भंगारही पुन्हा भट्टीत जाऊन पोलाद होते. तरीही येथील नेहरू नगरात काय किंवा पुण्या-मुंबईच्या घरांत काय, कपाटाच्या खणात मेलेल्या विजेऱ्या साठलेल्या असतात. त्यांतील डायोड हजारो तास चालण्याजोगा असतो. मेलेला असतो तो आतला घट. तो चिकटवून वा डाख देऊन बसविलेला असल्याने दिवटीही बुधलीबरोबर फेकली जाते.

ही विजेरी उघडून तिला नवा घट देता येतो. मात्र त्याचे शास्त्र पाळले पाहिजे. तीन छोट्या सेलांची विजेरी असेल तर काम सोपे आहे. निकेलचे तीन सेल मिळून ३.६ व्होल्ट देतात आणि पांढऱ्या डायोडला सुमारे तीन व्होल्ट लागतात. अनेक स्वस्त विजेऱ्यांत चार व्होल्टचा शिशाचा घट असतो. तो रिता पडून राहिला की त्याच्या पत्र्यांवर सल्फेटाचा कठीण थर चढतो आणि तो निकामी होतो. त्याच्या जागी लिथियमचा घट बसवितात. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा घट याच मापांवरून ‘१८६५०’ म्हणून ओळखला जातो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो; म्हणून डायोडच्या मार्गात योग्य रोधक हवा. शिशाच्या घटासाठी असलेली भरण्याची जुनी व्यवस्था त्याला कदापि जोडू नये. तिला वेळीच थांबणे ठाऊक नसते आणि अति भरलेला लिथियम घट पेट घेऊ शकतो. घट भरताच थांबणारे आणि फार रिता होण्याआधी तोडणारे पाच व्होल्टवरचे वेगळे सर्किट बसवावे. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

शिसे हे विष आहे आणि मेलेला घट मातीत टाकणे हा आपल्याच विहिरीशी केलेला द्रोह आहे. २०२२ च्या नियमांनी वापरलेले घट गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तथापि नियम केला म्हणजे खण रिकामा होत नाही. विजेरी विकत घेताना आपण तिचा उजेड पाहतो, किंमत पाहतो. तिचा घट बदलता येतो का, हा प्रश्न दुकानदाराला क्वचितच विचारतो. तो विचारण्याची सवय ग्राहकाला लागली, तर कारखान्यालाही उघडता येणारी विजेरी करावी लागेल. शास्त्रज्ञांनी आपला वाटा उचलला आहे. उरलेला वाटा आपला आहे.