आकडा तोच, घर निराळे

श्रोतेहो, आपल्या महाड-पोलादपूरकडची भातखाचरे लहान, आणि उतारावरची वरकस जमीन त्याहून तुकड्यातुकड्यांची. अशा मुलखात बारा गुंठे इकडचे तिकडे झाले, की भाऊबंदांची बोलाचाल बंद पडते. बारा गुंठे गमवायला शेजाऱ्याने बांधच कोरायला हवा असे नाही. कागदावरचा आकडा चुकीच्या घरात वाचला, तरी तेवढे पुरते.

मोजणी आपल्या भागाला नवी नव्हे. शिवछत्रपतींची राजधानी रायगड महाड तालुक्यातच आहे. त्या काळच्या जमीनमोजणीचे मान सभासदाने आपल्या 1697 च्या बखरीत नोंदवले आहे. पाच हात पाच मुठींची काठी. हात 14 तसूंचा, म्हणून सगळी काठी 80 तसूंची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि 120 बिघ्यांचा चावर. काठी नुसती हातात दिली नाही, ती किती तसूंची हेही बांधून दिले. देणारा आणि घेणारा एकाच मापाने बोलावेत, हाच त्यातला हेतू.

पुढे इंग्रजी अमदानीत साखळी आली. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तो गुंठा. गुंठ्याचे 16 आणे, आणि 40 गुंठ्यांचा एकर. स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धत आली. 100 चौरस मीटरचा आर, 100 आरचा हेक्टर. गुंठा 1089 चौरस फुटांचा, तर आर सुमारे 1076 चौरस फुटांचा. दोन्ही जवळजवळ सारखे, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो.

शिक्षक मंडळींनी फळ्यावर नुसते ‘1-20’ लिहावे आणि मुलांना विचारावे, ही जमीन किती? एकर-गुंठ्याच्या घरात वाचली तर एक एकर वीस गुंठे, म्हणजे 60 गुंठे. कोणी दशांशाचा एकर समजला तर 48 गुंठेच. बारा गुंठे गेलेच की हो! आणि हेक्टर-आर म्हणून वाचले, तर 118 गुंठ्यांहून अधिक. अक्षर एकही खोडलेले नाही, तरी तीन उत्तरे!

पैशांचेही असेच झाले. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले. त्याआधी 16 आणे होते. जुन्या वहीतले ‘3-8’ म्हणजे साडेतीन रुपये. ते तीन रुपये आठ पैसे नव्हेत.

हाच घोटाळा आज संगणकाच्या पोटातही होतो. सी-शार्पसारख्या भाषेत स्मृतीची व्यवस्था भाषेची यंत्रणाच पाहते. सी भाषेत ती लिहिणाऱ्याच्या हाती असते. पहिलीतला कार्यक्रम दुसरीतल्या कार्यक्रमाला माहितीचा गठ्ठा देतो, तेव्हा खणांची नावे बरोबर जात नाहीत. जातात फक्त ओळीने मांडलेले बाइट. समजा, पहिला खण 1 बाइटचा आणि दुसरा 4 बाइटचा आहे. एक बाजू मध्ये 3 बाइट मोकळे सोडून गठ्ठा 8 बाइटचा करते. दुसरी खण चिकटवून 5 बाइटचाच धरते. मग दुसऱ्या खणातला आकडा भलताच निघतो. पुष्कळदा यंत्र तक्रारही करीत नाही, चुकीचे उत्तर मुकाट्याने पुढे धाडते. यावर उपाय जुनाच: खणांचा क्रम, रुंदी आणि मोकळी जागा दोन्हीकडे आधी बांधून घ्यायची, आणि गठ्ठ्याची लांबी जुळते का, हे ताडून पाहायचे.

आता आपला सातबाराही संगणकावर आहे. 2020 साली ठरलेल्या नमुन्यात शेतीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे असते; बिनशेतीचे आर, चौरस मीटर असे. ‘2.50’ हा आकडा शेतीच्या उताऱ्यावर 25,000 चौरस मीटर होतो, आणि बिनशेतीच्या उताऱ्यावर अवघा 250.

म्हणून मंडळी, उतारा हाती आला की आधी एककाचे नाव वाचा, मग आकडा. वाटणीपत्रावर, खरेदीखतावर एकक अक्षरांत लिहून घ्या. जुना कागद आणि नवा उतारा शेजारी ठेवून हिशेब जुळवा. लेखनातली चूक दिसली, तर जमीन महसूल संहितेच्या 155 व्या कलमाखाली ती दुरुस्त करून मागता येते. तहसील कार्यालयात अर्ज करावा. जुन्या मापाची जाणती माणसे घरात आहेत तोवर हा ताळा बसवून घेणे बरे.