ऑनलाइन कपडे खरेदी : ‘मीडियम’ नव्हे, सेंटिमीटर महत्त्वाचे

म्हैसूर : नलवडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत १९१२ मध्ये म्हैसुरात सुरू झालेल्या रेशीम कारखान्यातील साडी आज कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळामार्फत विकली जाते. साडीला माप लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. ती पडद्यावर पाहून मागवताना मात्र हा समज अपुरा ठरतो.

सहावारी साडीची लांबी सुमारे साडेपाच मीटर असते. अखंड ब्लाउजपीस असल्यास कापड सहा मीटरांहून अधिक भरते. त्यामुळे नमूद केलेली लांबी ब्लाउजपीससह आहे की त्याविना, हे स्पष्ट असावे लागते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर, म्हणून काष्ट्याची नेसण करणाऱ्या महिलांना सहावारी लांबी पुरत नाही. एकदा फॉल-पिको झाल्यावर साडी परत करणेही अवघड होते.

मापांतील गोंधळ

शिवलेल्या कपड्यांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. एकाच ग्राहकाला एका उत्पादकाचा ‘एम’, तर दुसऱ्याचा ‘एल’ बसतो. मापांच्या तक्त्यात दिलेले आकडे शरीराचे आहेत की तयार कपड्याचे, हे अनेकदा सांगितलेले नसते. छाती ३६ इंच असलेल्या व्यक्तीला सहज हालचालीसाठी सुती कुर्ता त्याहून काही इंच सैल लागतो. तक्त्यातील ३६ हा आकडा कुर्त्याचाच असेल, तर तो अंगाला आवळून बसतो. ब्लाउजच्या बाबतीत छाती व कमरेबरोबरच मुंढा, बाहीचा घेर आणि पाठीची उंचीही आवश्यक ठरते. शिलाईत किती माया ठेवली आहे हे कळले, तर ब्लाउज उसवून सैल करता येईल की नाही, याचा अंदाज येतो.

भारतीय मापांचा शोध

अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार महिलांची मापे घेण्यात आली होती. भारतीय उत्पादक मात्र दीर्घकाळ परदेशी तक्त्यांत फेरफार करून काम भागवत आले. ही उणीव दूर करण्यासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट) यांनी ‘इंडिया साइझ’ प्रकल्प हाती घेतला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातील २५ हजार स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मापे घेण्याचा त्याचा आराखडा होता.

नियम काय सांगतात

वैध मापनशास्त्र नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल यांसारख्या खुणांसोबत सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये माप देणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणवैशिष्ट्यांप्रमाणे नसल्यास विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. म्हणजेच माप स्पष्टपणे नमूद असेल, तर ग्राहकाच्या तक्रारीलाही आधार मिळतो. मापच दिलेले नसेल, तर कपडा चुकीचा होता की निवड, हा वाद मिटत नाही.

उपयुक्त माहिती कोणती

तयार कपड्याची सपाट ठेवून घेतलेली मापे, कोणते माप कोठून कोठपर्यंत घेतले याचे रेखाचित्र, कापड ताणले जाते का व धुतल्यावर आटते का, तसेच छायाचित्रातील व्यक्तीची उंची आणि तिने घातलेला आकार एवढी माहिती दिल्यास बहुतेक शंका दूर होतात. छोट्या विक्रेत्यांनाही हे टेपने करता येण्याजोगे आहे. परत आलेल्या प्रत्येक पार्सलचा वाहतूक खर्च त्यांनाच अधिक जड जातो.

ग्राहकाने स्वतःच्या अंगावर नीट बसणारा कपडा सपाट पसरून मोजावा आणि ते आकडे तक्त्याशी ताडून पाहावेत. सपाट मोजलेली छातीची रुंदी दुप्पट केल्यावर पूर्ण घेर मिळतो. तक्त्याचे छायाचित्र जपून ठेवावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.