दक्षिणेच्या द्रव्याचे तीन नियम

सरकारी तिजोरींतील द्रव्य धार्मिक संस्थेच्या हातीं द्यावें कीं नाहीं, आणि दिल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न अलीकडच्या राज्यघटनांनींच प्रथम उपस्थित केला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुण्याच्या दक्षिणेचा इतिहास पाहिला असतां ती टिकत नाहीं. सव्वाशें वर्षांच्या अवधींत येथें दानाचे तीन निरनिराळे नियम एकामागून एक आले. ते कसे आले हें दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

दक्षिणेचा आरंभ सेनापति खंडेराव दाभाडे यांच्याकडे जातो. इ. स. १७३१ त डभईच्या लढाईंत त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव पडले, आणि पुढें ही दक्षिणा पहिल्या बाजीरावानें पुण्यास चालविली. श्रावणमासीं पर्वतीनजीकच्या रमण्यांत ब्राह्मणसमुदाय जमे व द्रव्य वांटलें जाई. शास्त्री-वैदिकांस विद्येच्या मानानें अधिक, इतरांस अल्प, असा भेद होता. येथील नियम पात्रतेचा होय. घेणारा कोण, एवढेंच पाहावयाचें. घेतल्यावर त्यानें अमुक कार्य करून दाखवावें अशी अट नव्हती. अध्ययन चालूं राहणें हेंच दानाचें फल मानलें जाई.

इ. स. १८१८ त राज्य गेलें. एल्फिन्स्टन साहेबानें दक्षिणा समूळ बंद केली नाहीं; वार्षिक ५०,००० रुपयांची मर्यादा घालून ती विद्वानांपुरती ठेविली. याच रकमेच्या एका भागावर चॅप्लिन कमिशनराच्या अमदानींत ता. ६ आक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. तेथें न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष यांजबरोबर वेदही शिकवीत. ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या तिजोरींतून वेदपठणाचा खर्च चालावा, यांत आश्चर्य वाटण्यासारखें आहे खरें. परंतु एल्फिन्स्टन शिक्षणांत धर्मप्रसाराची भेसळ करण्याच्या विरुद्ध होता, व नुकत्याच जिंकलेल्या मुलखांतील विद्वद्वर्ग दुखवूं नये हाही त्यांत धोरणाचा भाग होता. तथापि दान आतां व्यक्तीकडून संस्थेकडे वळलें, हा फरक लहान नव्हे. पात्रतेच्या जागीं कार्य आलें. हा दुसरा नियम.

त्याचा पुढचा परिणाम आरंभकर्त्यांच्या ध्यानींमनींही नसावा. इ. स. १८४९ त लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख प्रभृति मंडळींनीं सरकारास अर्ज केला कीं, दक्षिणेंतील कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ करणारांस द्यावा. सनातनी पक्षानें मोठा गिल्ला केला. परंतु १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढें त्याच दशकांत जोतीराव फुले व त्यांचे सहकारी चालवीत असलेल्या शाळांना या फंडांतून दरमहा ७५ रुपये मिळूं लागले. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें यांच्यासाठीं ही मंडळी झटत होती. ज्या द्रव्याचा अधिकारी एके काळीं केवळ ब्राह्मण, तें असें नव्या वाटेस लागलें. कार्य हीच कसोटी एकदां मान्य केली म्हणजे कार्य कोणाचें हें विचारण्याचा हक्क राहत नाहीं.

तिसरा नियम ता. १९ जुलै १८५४ च्या वुड साहेबाच्या खलित्यानें आला. जी शाळा चांगलें लौकिक शिक्षण देईल, जिची व्यवस्था स्थानिक मंडळी जबाबदारीनें पाहतील, जी अल्प कां होईना फी घेईल व सरकारी तपासणी मान्य करील, तिला मदत द्यावी. ती कोणता धर्म शिकविते याची पृच्छा तपासनिसानें करूं नये. खुद्द सरकारी शाळांतील शिक्षण मात्र निव्वळ लौकिक असावें. येणेंप्रमाणें मिशनरी, हिंदु, मुसलमान सर्वांस एकच माप लागलें. कागदावर नियम निर्दोष होता. पण शाळा आधीं स्वबळावर उभी करण्याइतकें द्रव्य ज्याच्यापाशीं, त्यालाच मदत पोहोंचे. ता. १९ आक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनापुढें निवेदन करतांना फुले यांनीं याच्याही मुळाशीं हात घातला. सरकारचा वसूल बहुतांशीं रयतेच्या श्रमाचा आणि शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गास, असा त्यांचा आक्षेप होता. घेणारा कोण, कार्य कोणतें, यांच्या जोडीस द्रव्य कोणाचें हा प्रश्न त्यांनीं उभा केला.

ता. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेंत या सर्वांचा ठसा उमटलेला दिसतो. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीं कर देण्याची सक्ती नाहीं (कलम २७). सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेंत धर्मशिक्षण नाहीं, आणि मदत घेणाऱ्या संस्थेंत तें कोणावर त्याच्या संमतीवांचून लादतां येत नाहीं (कलम २८). संस्थेची व्यवस्था अल्पसंख्याकांकडे आहे म्हणून मदत देतांना भेदभाव नाहीं (कलम ३०).

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख आटोपतों. दक्षिणेच्या याद्या हातीं आल्या म्हणजे त्या धर्मादायाच्या रुमालांत बांधून ठेवण्याची आपली रीत आहे, व शाळाखात्याचे कागद निराळे पडतात. एकाच द्रव्याची वाट अशी मध्येंच तुटते. हे कागद एकत्र लावून वाचावे. आम्हीं जन्मभर संस्कृतावर अन्न खाल्लें. विश्रामबागवाड्यांतील पाठशाळेचें ऋण आम्ही जाणतों. तरी त्याच निधीनें ७५ रुपये दुसऱ्या दारीं पोंचविले, याबद्दल आम्हांस खेद नाहीं. दक्षिणेचा याहून चांगला विनियोग आमच्या पाहण्यांत नाहीं.