चंची, दुरडी आणि कंदिलाची काच

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या माडीवर जुन्या वस्तूंचा संग्रह आहे. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यापासून त्याची नोंदवही माझ्याकडे असते. बघायला येणारी माणसं आधी तलवारीपाशी जातात, मग चांदीच्या अत्तरदाणीपाशी. शेजारच्या कपाटात चंच्या, फणेरपेट्या, दुरड्या आणि काचसामान आहे. तिथे सहसा कुणी थांबत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. गाव कसं जगत होतं ते कळायचं असेल, तर ते त्याच कपाटात आहे.

आमची एक चंची खणाच्या आणि लुगड्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची आहे. उलगडली की एकाखाली एक कप्पे दिसतात. मोठ्यात पानं, वरच्यांत सुपारी, कात, लवंगा, आणि तंबाखूला वेगळी जागा. ओला चुना कापडात राहत नाही, म्हणून त्याची पितळी डबी बंदाला बांधलेली. सुपारीच्या कप्प्याला ठिगळ आहे, त्यावर पुन्हा ठिगळ, आणि दोन्हींचा दोरा वेगळ्या रंगाचा. म्हणजे चंची फाटली तरी घरातल्या बाईनं ती टाकू दिली नाही. बांधावर दोघं बसले की आधी चंची सुटायची, मग बोलणं. सुपारी फुटल्याशिवाय लग्न ठरलं असं कुणी मानत नसे. असल्या किती गोष्टी ह्या हातभर कापडाच्या साक्षीनं ठरल्या असतील!

फणेरपेटी सागवानी आहे. झाकण उघडून टेकवलं की आतला आरसा उभा राहतो. खाली फणीची जागा, कुंकवाचा करंडा, काजळाची डबी आणि मेणाची डबी. पूर्वी कपाळाला आधी मेण लावून त्यावर बोटानं कोरडं कुंकू टेकवीत. मेणाच्या कप्प्याचं लाकूड अजून तुकतुकीत आहे, कुंकवाच्या कप्प्याचं लालसर. कुणीतरी ती पेटी पॉलिश करून घ्या म्हणून सुचवलं होतं. मी साफ नकार दिला. ते डाग गेले तर पेटी नुसती पेटी उरेल.

बायकांच्या अशा रोजच्या वस्तूंना संग्रहालयात मानानं बसवलं ते पुण्याच्या दिनकर केळकरांनी. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणाऱ्या ह्या माणसानं 1920च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि अडकित्ते, दिवे, करंडे, पाय घासायच्या वज्र्या असं सगळं गोळा केलं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि 1962मध्ये तो सगळा ठेवा राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथे 20,000च्या वर वस्तू आहेत. आमच्यासारख्या लहान संग्रहांना नजर दिली ती त्यांनी.

टोपल्यांची गोष्ट मात्र जिवाला लागते. सूप, रोवळी, परडी, दुरडी, कोंबड्या झाकायचं डालगं, धान्याची कणगी: बुरडाच्या हातचा जिन्नस नाही असं घर नव्हतं. लग्नात झाल मुलाकडच्यांच्या डोक्यावर धरायची, तीही वेळूचीच, कणकेचे दिवे लावलेली. तरी आमच्याकडे टोपल्या अगदी थोड्या. टोपली झिजते, तिला कीड लागते, मग ती चुलीत जाते. घमेली आणि प्लॅस्टिकच्या पाट्या आल्यावर नवी विणून घेणारेही कमी झाले. चांदीचं तबक पिढ्यानपिढ्या जपलं जातं. टोपली द्यायची असते हेच कुणाच्या मनात येत नाही.

बुरूड आळीतल्या एका आजींना मी मुद्दाम माडीवर आणलं. वहीत आमच्या एका दुरडीपुढे मी फक्त ‘बांबूची टोपली, जुनी’ एवढंच लिहिलं होतं. आजींनी ती हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, ‘‘बाई, ह्यात पाठीच्या कामट्या हायत, पोटाच्या न्हाईत. म्हणून टिकली.’’ बांबूची बाहेरची बाजू ती पाठ, कठीण आणि चकचकीत. आतली पोटाची मऊ, कीड आधी तिथे लागते. मग त्यांनी दुरडी उजेडात धरली. कामट्यांच्या फटींत वाळलेलं शेण होतं. ‘‘सारवलीया. पिठाची आसंल, न्हाई तर बारीक दाण्याची.’’ चांगला माल, बारीक वीण, वर सारवण. विणणारीनं जीव ओतून केलेली वस्तू होती ती. आता वहीत हे सगळं आहे.

काचसामानात मला प्रिय आहे तो प्रभाकर कंदील. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला. तेव्हा रुपयाचे पैसे 64, म्हणजे 64 माणसांनी दिलं तर एक रुपया. त्या पैशांतून 1908मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. तोवर काचसामान मुख्यतः ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियमकडून यायचं. 1914च्या महायुद्धानं ती वाट अडली आणि देशी कारखान्यांना वाव मिळाला. 1916मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, आमच्या कऱ्हाडशेजारी, ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. ती जागा आज ओगलेवाडी. तिथल्या प्रभाकर कंदिलांनी खेडोपाडी उजेड दिला. दिवेलागणीच्या आधी राखेनं काच पुसायचं काम घरातल्या पोरांकडे असे, आणि काच फुटली की मारही त्यांनाच.

आमच्या कंदिलाची काच शाबूत आहे, पण ती कुणाच्या घरची, हे देणाऱ्यानं सांगितलं नाही आणि घेणाऱ्यानं विचारलं नाही. म्हणून वाचकांना एक विनंती. माळ्यावरची जुनी पेटी, पिशवी, टोपली, बरणी कुठल्याही संग्रहाला देताना सोबत एक चिठ्ठी द्या: कुणाची होती, कुणी केली, आत काय ठेवत. आणि हे सांगू शकणारं घरात कुणी असेल, तर त्यांना आजच विचारून घ्या.