लेसर कंपनमापन

कंप पावणाऱ्या पृष्ठभागावर लेसर शलाका टाकून, परतलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून पृष्ठभागाचा वेग व विस्थापन काढण्याची स्पर्शरहित पद्धत. डॉप्लर परिणाम (१८४२) हा तिचा आधार. लेसरने वेग मोजण्याचा प्रयोग यिन येह व हर्मन कमिन्स यांनी १९६४ मध्ये वाहत्या पाण्यावर केला. घन पृष्ठभागांची कंपने मोजणारी उपकरणे त्यानंतरची.

तत्त्व : हीलियम-निऑन लेसरची (तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर) शलाका दुभागतात. एक भाग वस्तूवरून परततो, दुसरा उपकरणातच राहतो. दोहोंच्या व्यतिकरणातून वारंवारतेतील फरक मिळतो. सेकंदाला १ मीटर वेगासाठी तो सुमारे ३.१६ मेगाहर्ट्झ भरतो. पृष्ठभाग जवळ येतो की दूर जातो, हे एवढ्यावरून कळत नाही. म्हणून एका शलाकेची वारंवारता आधीच, बहुधा ४० मेगाहर्ट्झने, सरकवून ठेवतात. संकेत त्याच्या वर गेला की खाली, यावरून दिशा ठरते.

उपयोग : संवेदक चिकटवणे जेथे अशक्य, तेथे या पद्धतीला तोड नाही. प्लास्टिक जोडणाऱ्या अल्ट्रासॉनिक वेल्डिंगच्या हॉर्नचे टोक २० किलोहर्ट्झ वारंवारतेने व २० मायक्रोमीटर आयामाने हलत असेल, तर त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे २.५ मीटर आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३२,००० पट होते. चिकटवलेला ॲक्सिलरोमीटर (त्वरणमापक) तेथे टिकणे कठीण. टिकला तरी त्याच्या वजनाने हॉर्नची नैसर्गिक वारंवारताच बदलते आणि मोजमाप भलत्याच हॉर्नचे होते. ब्रेकचा कर्कश आवाज व मिलिंगमध्ये हत्याराची होणारी थरथर (चॅटर) यांच्या अभ्यासातही ही पद्धत वापरतात.

मात्र सर्वच कंपनांना लेसर लागत नाही. साखर कारखान्यातील सेंट्रिफ्युगल मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर असमतोलाचे कंपन केवळ २० हर्ट्झचे असते. त्यासाठी बेअरिंगवरचा ॲक्सिलरोमीटर पुरतो.

मर्यादा : फिरत्या किंवा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाशाच्या ठिपकेदारपणामुळे संकेतात गोंगाट शिरतो. शीतक द्रवाचे तुषारही शलाका अडवतात.

अंशशोधन : आयएसओ १६०६३-४१ या मानकानुसार.