पुन्हा ठोकळे हाती घेताना

लहानपणी आपल्या वाट्याला भातुकली आली आणि ठोकळे भावाच्या. पण बांधकाम बायकांना नवं नाही. आपलं चारकोपच बघा. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प मंजूर झाला. त्यात इथे लहान भूखंड आखले गेले, पाण्याची आणि गटाराची सोय झाली. घर मात्र ज्याचं त्याने बांधायचं. मध्ये अंगण, भोवती घरं. पैसे जमतील तशी भिंत, मग पोटमाळा, मग मजला. आमच्या गटातल्या थोरल्या बायका विटांचा हिशेब अजून सांगतात.

जोडत जाण्याचा हा खेळ तिकडे डेन्मार्कमध्ये घडला. बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियान्सेन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. पुढे प्लॅस्टिकचे ठोकळे आले. १९५८ मध्ये त्यांच्या पोटात नळ्या बसवल्या आणि जोड घट्ट झाला. तेव्हाचा लेगोचा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही बसतो. २००८ मध्ये आलेल्या ताजमहालाच्या संचात ५,९२२ तुकडे होते. तो काही पोरखेळ नव्हे!

आता बचत गटाची बैठक संपली की आम्ही मुलांचे जुने ठोकळे घेऊन बसतो. ‘हे काय वय आहे का?’ असं लोक विचारतात. पुरुषांच्या कॅरमला हा प्रश्न कुणी विचारत नाही. पैशांची बचत आपण शिकलो. आता स्वतःसाठी तासभर वाचवायलाही शिकूया. माळ्यावरचा ठोकळ्यांचा डबा काढा, मैत्रिणींनो.