लॅबमधला तो जुना संगणक : मोजमापयंत्रांच्या सॉफ्टवेअरचा छोटा इतिहास



पेट पास होऊन तुम्ही पहिल्यांदा एखाद्या लॅबमध्ये पाय ठेवाल, तेव्हा कोपऱ्यात एक संगणक हमखास दिसेल. पिवळा पडलेला मॉनिटर, विंडोज एक्सपी, आणि वर चिकटवलेली चिठ्ठी : "बंद करू नये. इंटरनेट जोडू नये." त्याला जोडलेलं मोजमापयंत्र मात्र ठणठणीत असतं. सिनिअरला विचारलं, की हा बदलत का नाही? तर तो हसतो आणि म्हणतो, "तुझं कोर्सवर्क होऊ दे, मग तूच बदल."

मी तो बदलला. आणि माझे तीन महिने गेले. ती गोष्ट पुढे सांगतेच. पण आधी ही परिस्थिती आली कुठून, ते बघू. हा इतिहास कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, पण तुमच्या प्रबंधातला प्रत्येक आकडा त्यातूनच येणार आहे.

वहीपासून केबलपर्यंत

१९६० च्या दशकापर्यंत बहुतेक प्रयोगशाळांत मोजमाप म्हणजे काटा बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. यंत्रं संगणकाला जोडायची सोय हळूहळू आली, पण प्रत्येक यंत्राची जोडणी वेगळी. हे टाळण्यासाठी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या यंत्रांसाठी एक सामायिक जोडणी तयार केली. १९७५ साली तिला आयईईई ४८८ हे मानक म्हणून मान्यता मिळाली. आज लॅबमध्ये आपण तिला जीपीआयबी म्हणतो. चोवीस पिनांचा जाडजूड कनेक्टर, एकावर एक रचता येणारा. एका जोडणीवर जास्तीत जास्त १५ उपकरणं.

केबल एक झाली, भाषा मात्र झाली नाही. एका कंपनीच्या मीटरला व्होल्टेज विचारायचं तर एक आज्ञा, दुसऱ्याच्या मीटरला दुसरीच. १९८७ साली मानकाचा दुसरा भाग आला, त्यात काही आज्ञा सगळ्यांसाठी सारख्या ठरल्या. "तू कोण?" असं यंत्राला विचारणारी "आयडीएन" ही आज्ञा त्यातलीच. १९९० साली एससीपीआय हा आज्ञांचा सामायिक संच आला. तुम्ही आज पायथनमधून मीटरशी बोलता, तेव्हा बहुतेक वेळा हीच भाषा बोलत असता.

आता हिशेब बघा. चांगलं मोजमापयंत्र नीट वापरलं तर पंचवीस-तीस वर्षं सहज टिकतं. ऑपरेटिंग सिस्टिमला तेवढं आयुष्य नसतं. विंडोज एक्सपी २००१ ला आलं आणि ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला. जुनी जीपीआयबी कार्डं ज्या खाचेत बसायची, ती खाचच नव्या मदरबोर्डवर नसते. म्हणजे यंत्र जिवंत, पण त्याच्याशी बोलणारा म्हातारा झालेला. तो कोपऱ्यातला संगणक या फरकामुळे तिथे बसलाय.

शकुंतलेचं इंजिन

मी मूर्तिजापूरची. आमच्या स्टेशनवर मुंबई-हावडा ब्रॉडगेज लाइन आहे आणि तिथूनच अचलपूर आणि यवतमाळकडे शकुंतला निघायची. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होतं. मग डिझेल इंजिन आलं. आता गाडी बंद आहे, पण आमच्याकडे जुनी माणसं अजून त्या इंजिनाच्या शिट्टीवर बोलतात.

त्या बदलाकडे संशोधक म्हणून बघा. इंजिन पूर्ण वेगळं आलं, पण रुळांमधलं अंतर तेच राहिलं, अडीच फूट. म्हणून रूळ, पूल, स्टेशनं यांना हात न लावता इंजिन बदलता आलं. तोच मार्ग ब्रॉडगेज करायचा म्हटलं, की सगळंच बदलावं लागतं. जीपीआयबी आणि एससीपीआय हे मोजमापयंत्रांचे गेज आहेत. ते कायम असेल तर मागचा संगणक बदलता येतो. निदान मला तसं वाटलं होतं.

माझे तीन महिने

आमच्याकडे पातळ थरांच्या नमुन्यांवर व्होल्टेज देऊन करंट मोजायची एक जुनी व्यवस्था होती. प्रोग्रॅम कुणीतरी वीसेक वर्षांपूर्वी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला. मी दोन दिवसांत पायथनमध्ये नवा लिहिला. तोच मीटर, तीच केबल, त्याच आज्ञा. जुन्याला एका नमुन्यासाठी वीस मिनिटं लागायची, माझा दोन मिनिटांत मोकळा. मी खूश. जुना संगणक पुसून टाकला आणि मोजत सुटले.

तीन महिन्यांनी गाईड मॅडमनी माझे आलेख जुन्या प्रबंधातल्या आलेखांवर ठेवले. जास्त रोधाच्या नमुन्यांत माझा करंट सगळीकडे जास्त. "नमुने वेगळे आहेत का गं?" नव्हते. जुन्या प्रबंधातला एक नमुना कपाटात सापडला, तो मोजला, तरीही जास्त.

शेवटी एका सिनिअरच्या पेन ड्राइव्हवर जुन्या प्रोग्रॅमची प्रत मिळाली. त्यात एक साधी ओळ होती : प्रत्येक व्होल्टेजनंतर दोन सेकंद थांब, मग दहा वाचनांची सरासरी घे. नमुना आणि केबल दोन्ही थोडे संधारित्रासारखे वागतात. व्होल्टेज बदललं की आधी भार भरण्यापुरता जादा करंट वाहतो आणि मग तो ओसरतो. जुना प्रोग्रॅम तो ओसरेपर्यंत थांबायचा. माझा थांबत नव्हता. म्हणजे मी नमुन्याबरोबर केबलही मोजत होते. तीन महिन्यांची मोजमापं पुन्हा केली.

चूक आज्ञेत नव्हती, केबलमध्ये नव्हती. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाचा तरी अनुभव मुरलेला होता, त्यावर टिप्पणी लिहिलेली नव्हती, आणि मी तो पुसून टाकला होता.

अशी चूक मोठ्यांकडूनही होते. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या उपकरणातलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ वरून जसंच्या तसं घेतलेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. ६४ बिटांतली संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही. एरियन ५ च्या खऱ्या मार्गाचे आकडे त्या उपकरणाला देऊन आधी चाचणी घेतली असती, तर हे जमिनीवरच कळलं असतं. माझ्या उलट उदाहरण आहे हे. मी यंत्र जुनं ठेवून सॉफ्टवेअर बदललं, त्यांनी सॉफ्टवेअर जुनं ठेवून यंत्र बदललं. राहून गेलं ते दोघांचं एकच : ताडून बघणं.

खोडदला कसं केलं

हेच काम नीट कसं करायचं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, आणि २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली.

या दुर्बिणीत प्रत्येक अँटेनाचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलशी गुणावा लागतो. ३० अँटेना म्हणजे ४३५ जोड्या. हे काम सुरुवातीला खास चिपांवर बांधलेलं हार्डवेअर करायचं. जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी त्याच्या जागी बाजारात मिळणारे साधे संगणक नेटवर्कने जोडून तेच काम सॉफ्टवेअरकडे दिलं. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०१० चा. या व्यवस्थेत अँटेनांचा कच्चा सिग्नल डिस्कवर साठवून ठेवायची सोय होती. तुमच्यासाठी महत्त्वाचं ते हेच. कच्चा सिग्नल हातात असला, की तोच सिग्नल पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या प्रोग्रॅममधून काढून उत्तरं ताडून बघता येतात.

पुढे दुर्बिणीचं मोठं अद्ययावतीकरण झालं. एका वेळी घेता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. इतका पट्टा पेलायला एफपीजीए आणि ग्राफिक्स कार्डं वापरणारी नवी व्यवस्था बसवली. पण हे करताना दुर्बीण बंद ठेवली नाही. जुनी व्यवस्था चालू, नवी तिच्या शेजारी, दोन्ही एकाच आकाशाकडे बघतायत, असा तो काळ होता. नवीवर विश्वास बसला तो जुनीशी पडताळून.

पल्सारवर काम करणारे तर याच्याही पुढे गेलेत. पल्सारचे ठोके दशकानुदशकं मोजायचे असतात आणि तेवढ्या काळात मागची उपकरणं कितीतरी वेळा बदलतात. दोन व्यवस्थांमधून सिग्नलला लागणारा वेळ थोडा वेगळा असतो. म्हणून त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये "जंप" नावाचा एक आकडाच ठेवलेला असतो : जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला वेळेचा फरक. तो फरक लपवत नाहीत, मोजतात आणि लिहून ठेवतात. गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झाले, त्यात युरोपीय गटाबरोबर जीएमआरटी वापरणारा भारतीय गटही होता. असला निकाल एवढ्या काटेकोर नोंदींवरच उभा राहतो.

तुमची पाळी आली की

तर, त्या कोपऱ्यातल्या संगणकाचं काम तुमच्याकडे येईल तेव्हा :

पहिलं, काही पुसू नका. आधी जुन्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढा आणि ती दोन ठिकाणी ठेवा.

दुसरं, जुना प्रोग्रॅम ओळीओळीने वाचा. कागदावर प्रिंट काढून वाचलात तर उत्तम. थांबण्याचा वेळ, सरासरी, रेंज, एककं, शून्य दुरुस्ती यांवर खुणा करा. जी ओळ निरर्थक वाटेल तिच्यावर दोन खुणा करा.

तिसरं, एक पक्का नमुना निवडा. साधा चांगल्या प्रतीचा रेझिस्टर एक, आणि तुमच्या कामातला अवघड नमुना एक. फक्त रेझिस्टरवर भागवू नका. माझ्या प्रोग्रॅमने रेझिस्टर अगदी बरोबर मोजला असता. दोन्ही नमुने जुन्या आणि नव्या प्रोग्रॅमने पुन्हा पुन्हा मोजा.

चौथं, फरक आला तर कारण सापडेपर्यंत नवा प्रोग्रॅम वापरू नका. कारण सापडलं की फरक किती ते प्रबंधात लिहा, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि बदलाची तारीख यांच्यासकट. प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ १७०२५ हे मानकही सांगतं, की सॉफ्टवेअरमधला बदल वापरात आणण्याआधी तपासलेला आणि नोंदवलेला असला पाहिजे.

आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक थांब्यापुढे कारण लिहा. आमच्या नव्या प्रोग्रॅममध्ये आता दोन सेकंदांची ती ओळ आहे. तिच्यावर मी मराठीत टिप्पणी लिहिलीय : "ही ओळ काढू नका. केबल शांत होऊ द्या." वीस वर्षांनी कुणीतरी पोरगी पायथन पुसून आणखी काही लिहायला बसेल, तिच्यासाठी आहे ती.